काचेच्या पेटीतून घरी गेलेल्या मुलांचं बीपी कोण मोजणार? नवी मुंबई महानगरपालिकेला खुलं पत्र

सन्माननीय आयुक्त, आणि महापालिकेच्या आरोग्य व शिक्षण विभागातल्या सगळ्या अधिकारी मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी नेरूळला राहते, निवृत्त सिस्टर आहे, नोकरीतली बहुतेक वर्षं एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, काचेच्या पेटीतल्या बाळांजवळ गेली. हे पत्र एका मागणीसाठी आहे आणि ती आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी घाईत असेल तर एवढं वाचलं तरी पुरे. शाळेच्या आरोग्य तपासणीच्या कार्डावर एक रकाना वाढवा, बाळ कितव्या आठवड्यात जन्मलं आणि जन्माचं वजन किती होतं, आणि ज्यांच्या रकान्यात ३७ आठवड्यांपेक्षा कमी आकडा येईल, म्हणजे जी वेळेआधी जन्मली, त्या मुलांचं बीपी दर वर्षी एकदा, त्यांच्या दंडाला बसेल अशा कफने (बीपीच्या पट्ट्याने), शांत बसवून मोजा. मागणी एवढीच आहे. पुढचं सगळं मी हे का मागतेय त्याबद्दल आहे आणि ते थोडं लांबणार आहे, कारण हा विषय माझ्या मनात खूप वर्षं साठलाय.

एनआयसीयूत बाळ आलं की पहिल्या काही मिनिटांत आम्ही त्याच्या हाताला नाहीतर पायाला बीपीचा कफ लावतो. सगळ्यात लहान, एक नंबरचा कफ माझ्या अंगठ्याएवढा रुंद असतो, आणि तोही २६-२७ व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाला कधीकधी मोठा वाटतो, कारण त्याचा दंडच माझ्या करंगळीएवढा असतो. मग दर तासाला नोंद. आम्हाला एक साधा आडाखा शिकवलेला असतो की बाळ जितक्या आठवड्यांचं तितकं तरी त्याचं मीन प्रेशर (बीपीची सरासरी) पाहिजे, म्हणजे २८ आठवड्यांच्या बाळाचं २८ च्या खाली जायला लागलं की डॉक्टरांना हाक मारायची, मग रात्रीचे तीन वाजलेले असोत नाहीतर चार. एकेका बाळाच्या चार्टवर शेकडो बीपी लिहिलेले असतात. आणि मग दीड-दोन महिन्यांनी बाळ १८००-१९०० ग्रॅमचं होतं, आईच्या अंगावर दूध ओढायला लागतं, घरचे पेढे घेऊन येतात, बाळ दुपट्यात गुंडाळून घरी जातं, आणि त्या दिवसानंतर त्याचं बीपी कुणीच मोजत नाही. पुढची अठरा-वीस वर्षं. दर तासाला मोजलेली गोष्ट एकदम आयुष्यातून गायब होते, आणि यात कुणाला काही वावगं वाटत नाही, ही गोष्ट मला खरंच खूप खुपते.

तसा फॉलोअप होतो, नाही असं नाही. डोळ्यांचा पडदा तपासायचा हे आता बऱ्यापैकी रुळलंय, ३४ आठवड्यांच्या आत किंवा २ किलोच्या आत जन्मलेल्या बाळाची आरओपीची, म्हणजे त्या पडद्याच्या आजाराची, तपासणी व्हायलाच पाहिजे हे आता पालकांनासुद्धा माहीत असतं. कान तपासतात. मान धरली का, बसायला लागलं का, बोलायला लागलं का हे बघतात. साधारण दोन वर्षांचं झालं, चालतंय बोलतंय म्हटल्यावर सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि फाइल माळ्यावर जाते. पालकांचं मी समजू शकते, त्या बिचाऱ्यांना ते दिवस आठवायचेच नसतात. पण हृदय, रक्तवाहिन्या आणि किडनी यांचा हिशोब दोन वर्षांत संपत नाही, तो तर विशीत-तिशीत दिसायला लागतो.

का ते सांगते, माझ्या भाषेत सांगते, डॉक्टर मंडळींनी सांभाळून घ्या.

पोटात असताना बाळाच्या हृदयाला तसं कमी दाबात काम करायचं असतं, कारण वार असते, फुप्फुसांकडे फारसं रक्त जातच नाही. नाळ कापली की एका झटक्यात सगळं बदलतं, दाब वाढतो, फुप्फुसं उघडतात. पूर्ण दिवसांच्या बाळाचं हृदय या बदलासाठी तयार असतं. शेवटच्या तीन महिन्यांत हृदयाच्या स्नायूच्या पेशी वाढून वाढून पुरेशा झालेल्या असतात, जन्मानंतर त्या पेशींची संख्या वाढणं जवळपास थांबतं आणि आहेत त्याच पेशी आकाराने मोठ्या होतात. आता जे बाळ २८ व्या आठवड्यात बाहेर आलं त्याच्या हृदयाला हीच उडी अर्धवट तयारीत मारावी लागते. ते मारतं, आणि निभावूनही नेतं, पण त्याची घडण थोडी वेगळी होते. ऑक्सफर्डच्या टीमने २०१३ मध्ये लवकर जन्मलेल्या आणि आता तरुण झालेल्या शंभरेक जणांच्या हृदयाचे एमआरआय करून दाखवलं की त्यांच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड आहे, आतली जागा थोडी लहान आहे, आणि उजव्या कप्प्यावरचा परिणाम तर त्याहून जास्त आहे. ही मुलं आजारी नव्हती बरं का, आपापली कामं करणारी धडधाकट माणसं होती. नंतरच्या अभ्यासात असंही दिसलं की बसल्या जागी त्यांचं हृदय बाकीच्यांसारखंच काम करतं, पण सायकलिंग करायला लावून जोर वाढवला की जेवढं जास्त रक्त ढकलायला हवं तेवढं ते ढकलू शकत नाही. म्हणजे साध्या ईसीजीत, झोपवून केलेल्या तपासणीत काही दिसेलच असं नाही.

रक्तवाहिन्यांचंही तसंच. धमन्यांना जो लवचिकपणा असतो तो देणारं इलॅस्टिन मुख्यतः गर्भारपणाच्या शेवटच्या टप्प्यात जमा होतं. लवकर जन्मलेल्यांच्या धमन्या थोड्या अरुंद आणि थोड्या ताठ राहतात.

आणि किडनी. याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय कारण याबद्दल कुणीच बोलत नाही. किडनीत रक्त गाळणारे जे बारीक बारीक भाग असतात, नेफ्रॉन, ते एका किडनीत सरासरी ९ ते १० लाख असतात. त्यातले निम्म्याहून जास्त शेवटच्या तिमाहीत तयार होतात आणि ३६ व्या आठवड्यापर्यंत हे काम संपतं, त्यानंतर नवीन नेफ्रॉन आयुष्यात कधीच बनत नाही. लवकर जन्मलेल्या बाळाचं हे काम बाहेर आल्यावर थोडे दिवस चालतं पण पोटातल्यासारखं होत नाही, त्यात इन्फेक्शन, त्यात जेंटामायसिन-अमिकासिनसारखी किडनीला त्रासदायक इंजेक्शनं, जी जीव वाचवायला द्यावीच लागतात, मी स्वतः हजारो वेळा दिलीयत आणि परत वेळ आली तर परत देईन. पण परिणाम असा की मूल कमी नेफ्रॉन घेऊन आयुष्य सुरू करतं. थोड्या नेफ्रॉनना जास्त काम, मग आतला दाब जास्त, मग बीपी जास्त, मग त्या बीपीने उरलेले नेफ्रॉन झिजतात. नेफ्रॉन कमी तर बीपीचा धोका जास्त, हा विचार ब्रेनर या अमेरिकन डॉक्टरांनी १९८८ मध्येच मांडला होता. तरीही आपल्याकडे वीस वर्षांच्या मुलाचं बीपी वाढलेलं निघालं की आधी 'टेन्शन घेतोस का' हेच विचारतात.

मागच्या गणपतीत आमच्या भागातल्या मंडळाने रक्तदान शिबिर ठेवलं होतं. आमच्याच बिल्डिंगमधला एक मुलगा, इंजिनीअरिंगला आहे, पहिल्यांदाच रक्त द्यायला गेला, मोठ्या उत्साहात. रक्तदानाला वरचा आकडा १४० च्या आत आणि खालचा ९० च्या आत लागतो. त्याचा निघाला १४८ आणि ९४. पंधरा मिनिटं बसवून परत घेतला, तरी १४४. तिथल्या डॉक्टरांनी परत पाठवलं, रात्री जागरण केलंस का, आरतीला उशिरापर्यंत होतास का असं काहीतरी म्हणाले, आणि त्यांचं बरोबर होतं, रांग मोठी होती, त्यांचं काम रक्त घेण्याचं होतं. संध्याकाळी त्याची आई माझ्याकडे आली, म्हणाली काकू, याला बीपी कसं असेल हो, आमच्याकडे कुणालाच नाही. मी विचारलं, हा किती दिवसांचा झाला होता? तर म्हणाली सातव्यातच झाला होता, काचेच्या पेटीत ठेवला होता, महिनाभर तर आम्हाला हातात पण दिला नव्हता. माळ्यावरून फाइल काढली. ३० आठवडे, १२०० ग्रॅम, व्हेंटिलेटर, दोनदा इन्फेक्शन.

नंतर मी काही दिवस सकाळ-संध्याकाळ त्याच्या घरी जाऊन बीपी घेतलं, शांत बसवून, नाश्त्याच्या आधी, आणि आकडा १३५ च्या खाली क्वचितच आला. मग घरचे त्याला फिजिशियनकडे घेऊन गेले, डॉक्टरांना जन्माची फाइल दाखवल्यावर त्यांनी चोवीस तास बीपी मोजणारं मशिन लावलं, हृदयाची इको, किडनीसाठी क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन, किडनीची सोनोग्राफी सगळं केलं. हृदयाची भिंत थोडी जाड आहे, बाकी ठीक आहे, वेळेत सापडलंय. पण हा मुलगा पहिलीपासून बारावीपर्यंत दर वर्षी शाळेच्या हेल्थ चेकअपला उभा राहिलाय. उंची, वजन, दात, डोळे, नखं. प्रगतिपुस्तकाच्या मागच्या पानावर सगळे आकडे आहेत, बीपीचा एकही नाही आणि जन्माबद्दल एक ओळ नाही. त्याच्या आईने मला विचारलं की हे कुणी आधी का नाही सांगितलं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण डिस्चार्ज कार्डावर आम्ही लसीकरण लिहितो, डोळे लिहितो, आयर्नचे थेंब लिहितो, 'मोठा झाल्यावर बीपी तपासत जा' ही ओळ मी तरी कुठल्या कार्डावर पाहिलेली नाही.

आता कुणी म्हणेल एका मुलावरून काय सगळं ठरवता. म्हणून मोठे आकडे देते. स्वीडनमध्ये जन्माच्या नोंदी अतिशय नीट ठेवतात, तिथे १९७३ ते २०१४ मध्ये जन्मलेल्या ४० लाखांहून जास्त लोकांच्या नोंदी तपासल्या, तर ३७ आठवड्यांच्या आत जन्मलेल्यांना तरुणपणी बीपीचा धोका साधारण सव्वापट निघाला आणि २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्यांना विशीत दुपटीहून जास्त. बाकी अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले तर दीड किलोच्या आत जन्मलेल्या तरुणांचं वरचं बीपी सरासरी साडेतीन अंकांनी जास्त असतं. साडेतीन म्हणजे काय मोठं असं वाटेल, पण २०२१ मध्ये आलेल्या एका अभ्यासात दिसलं की बीपी तेवढंच वाढलं तरी लवकर जन्मलेल्यांच्या हृदयाची भिंत इतरांपेक्षा जास्त जाड होते. ज्याच्या हृदयाला वाढीव दाब कमी सोसतो त्याच्याच वाट्याला वाढीव दाब येतो. म्हणून यांच्या बाबतीत १३२ ला '१४० झालं की बघू' म्हणून सोडता येत नाही.

घाबरवायचंही नाहीये मला. हार्ट फेल्युअरचा धोका फार लवकर जन्मलेल्यांत कितीतरी पटींनी जास्त आहे असं स्वीडनच्याच दुसऱ्या अभ्यासात आलंय, पण त्यात २६ लाख मुलांमध्ये सगळे मिळून पाचशेच्या आसपास रुग्ण होते, म्हणजे मुळात ही गोष्ट अतिशय दुर्मिळ आहे. बहुतेक प्रीमॅच्युअर मुलं छान मोठी होतात, शिकतात, नोकऱ्या करतात, त्यांचीही लग्नं-मुलं होतात. त्यांच्या आयांनी हे पत्र वाचून रात्रभर जागं राहू नये. सकाळी उठून बीपी मोजायला न्यावं, एवढंच.

आणि ही मुलं काही मोजकी नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने इतरांबरोबर काढलेल्या अंदाजाप्रमाणे २०२० मध्ये जगात १ कोटी ३४ लाख बाळं वेळेआधी जन्मली, त्यातली ३० लाखांहून जास्त भारतात, जगात सगळ्यात जास्त आपल्याकडे. आपल्या देशात साधारण १३ टक्के, म्हणजे आठ बाळांमागे एक. एका वर्गात चाळीस मुलं धरली तर त्यात पाच जण असू शकतात, आणि बाईंना माहीत नसतं, पीटीच्या सरांना माहीत नसतं, बऱ्याचदा त्या मुलाला स्वतःलाही माहीत नसतं. यातली बहुतेक ३२ ते ३७ आठवड्यांतली असतात, ज्यांना आपण 'थोडं लवकर झालं, काही नाही' म्हणून सोडून देतो. त्यांचा धोका कमी आहे पण शून्य नाही.

हे सगळं आत्ताच का पुढे येतंय, तर आधी ही मुलं वाचतच नव्हती. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा, केनेडींचा मुलगा १९६३ मध्ये साडेचौतीस आठवड्यांचा जन्मला आणि दोन दिवसही जगला नाही, फुप्फुसं तयार नव्हती, आणि तेव्हा पैशाने किंवा पदानेही काही होऊ शकलं नाही. १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं देऊन बाळाची फुप्फुसं तयार करता येतात हे दाखवलं, १९८० मध्ये जपानच्या फुजिवारांनी बाळाच्या फुप्फुसात सर्फॅक्टंट, म्हणजे फुप्फुसं उघडी ठेवणारं औषध, घालून दाखवलं, आणि पुढे हळूहळू ते आपल्याकडच्या एनआयसीयूतही आलं. आज ३४ आठवड्यांचं बाळ आमच्याकडे आलं की आम्ही फारशी काळजीही करत नाही. आपली महापालिका १ जानेवारी १९९२ ची. म्हणजे महापालिका झाल्यापासून वाशी-नेरूळ-ऐरोलीत जी लवकर जन्मलेली मुलं वाचली, त्यातली सगळ्यात मोठी आत्ता कुठे तिशी ओलांडतायत. दिवसभर खुर्चीत बसतायत, रात्रीच्या शिफ्ट करतायत, गाडीवर हक्का नूडल्स खातायत, जिमला जाऊन कुणीतरी दिलेली पावडर घेतायत, आणि आपल्या हृदयाची घडण वेगळी असू शकते याची त्यांना कल्पना नाही. यांचा पन्नाशीतला अनुभव जगात कुणाकडेच फारसा नाही. म्हणून आत्ता लक्ष ठेवायचं.

आता मोजण्याबद्दल, कारण माझं सगळं म्हणणं शेवटी त्या कफवर येतं. मुलांचं बीपी मोजणं म्हणजे पट्टा गुंडाळून बटण दाबणं नव्हे. आतल्या रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या निदान ४० टक्के पाहिजे आणि तिने दंडाचा ८० टक्के तरी घेर झाकला पाहिजे. मोठ्या माणसाचा कफ दुसरीतल्या मुलाला लावला तर तो कोपरापासून काखेपर्यंत पोचतो, दोन वेढे बसतात, आणि आकडा खोटा कमी येतो, म्हणजे जे शोधायला आलो तेच लपतं. उलट जाड मुलाला लहान कफ लावला तर आकडा खोटा जास्त येतो आणि घरच्यांचा जीव उगाच टांगणीला लागतो. शाळेत तर काय होतं, मुलं जिना चढून धावत येतात, रांगेत ढकलाढकली, कुणीतरी हसवतंय, आणि बाकावर बसून पाय लोंबकळतायत. पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, उजवा हात छातीच्या उंचीला टेबलावर, बोलायचं नाही. पाय पोचत नसतील तर खाली पाट किंवा दप्तर ठेवा. जास्त आलं तर लगेच आईला फोन करून घाबरवू नका, थोड्या वेळाने परत घ्या, मग दुसऱ्या दिवशी परत घ्या, आणि तरी जास्त असेल तर डॉक्टरांकडे पाठवा.

आणि १२०/८० हा मोठ्यांचा आकडा मुलांना लावू नका. तेरा वर्षांपासून पुढच्या मुलांना वरचा आकडा १३० किंवा खालचा ८० वा त्याहून जास्त सतत असेल तर ते हाय बीपीच. त्याआधी वय, उंची, मुलगा की मुलगी यावर ठरतं, त्याचे तक्ते आहेत, आणि चाळणी म्हणून सोपा तक्ताही आहे. त्यात दहा वर्षांच्या मुलासाठी आकडा १०८ आणि ७२ आहे, तिथे पोचलं तर पुढे नीट तपासायचं. दहा वर्षांच्या मुलाला ११८ आलं आणि 'नॉर्मल' म्हणून घरी पाठवलं असं मी बघितलंय. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकॅडमीने २०१७ च्या नियमावलीत तीन वर्षांपासून प्रत्येक मुलाचं बीपी वर्षातून एकदा मोजा असं म्हटलंय, आणि ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्यांचं तर तीन वर्षांच्या आधीपासून. मी सगळ्यांचं मागत नाहीये. शक्य झालं तर फार उत्तम, पण नाही झालं तर निदान या मुलांचं तरी.

तुमच्याकडे व्यवस्था नाही असंही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, जन्मापासून १८ वर्षांपर्यंत, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी-अनुदानित शाळेत एकदा पथक जातं. नागरी आरोग्य केंद्रं आहेत, आशाताई आहेत, ज्यांना दिघ्याच्या नाहीतर तुर्भे स्टोअरच्या वस्तीत कुठल्या खोलीतलं बाळ लवकर झालं होतं हे तोंडपाठ असतं. माता-बाल संरक्षण कार्ड आहे. फक्त अंगणवाडीतून शाळेत जाताना ही माहिती गळते. जन्म दाखल्यावर ती नसते, शाळेच्या ॲडमिशनला फक्त जन्मतारीख लागते. त्यात आपल्या शहरात किती मुलं खासगी शाळांत जातात बघा, त्यांच्याकडे सरकारी पथक जातच नाही, तिथे महापालिकेने शाळांना एक परिपत्रक काढलं तरी फरक पडेल. आणि परिपत्रकात आठवडेच विचारा, महिने नको. सातवा लागला होता की सरला होता यात चार आठवड्यांचा फरक पडतो. फाइल हरवली असेल तर जन्माचं वजन आणि पेटीत किती दिवस ठेवलं एवढं तरी आईला आठवतंच, ते कुठलीच आई विसरत नाही.

पालकांसाठीही दोन गोष्टी त्याच परिपत्रकात लिहा अशी माझी विनंती आहे. एक म्हणजे या मुलांना खेळापासून लांब ठेवू नका. 'नाजूक आहे, लवकर झालाय, त्याला पळायला लावू नका' अशी चिठ्ठी पीटीच्या सरांना देणारे पालक मला माहीत आहेत, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण ज्या हृदयाला जोर कमी पडतो त्याला नियमित खेळाची जास्त गरज आहे. डॉक्टरांनी स्पष्ट मनाई केली नसेल तर पळू द्या, पोहू द्या, वंडर्स पार्कला नाहीतर सोसायटीच्या आवारात सायकल चालवू द्या. दुसरं, बाळ लहान झालं म्हणून त्याला गुटगुटीत करायच्या मागे लागू नका. पहिल्या महिन्यांत वजन वाढायलाच हवं, ते मेंदूसाठी गरजेचं आहे, डॉक्टर सांगतील तसं. पण पुढे तीन-चार वर्षांचं झाल्यावर तूप-साखर-बिस्किटं-चॉकलेट कोंबून भरून काढायचं म्हणजे त्याच्या बीपीत भर घालणं. पुण्याच्या केईएममध्ये डॉ. याज्ञिकांनी दाखवलंय की आपली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या साडेतीन किलोच्या बाळांपेक्षा कितीतरी लहान, पण अंगावरची चरबी त्या मानाने कमी नसते, कमी असतात ते स्नायू. तो अभ्यास कमी वजनाचा होता, लवकर जन्माचा नव्हता, पण आपल्याकडे बरीच बाळं लवकरही असतात आणि लहानही. मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे जेमतेम एक सपाट चमचा, आणि आपल्याकडे ताटात पापड-लोणचं, डब्यात वेफर्स, संध्याकाळी शेव घातलेली भेळ. या मुलांच्या किडनीला ते जड जातं.

दुधाबद्दल एक चांगली गोष्ट सांगायची राहिली. ज्या प्रीमॅच्युअर बाळांना आईचंच किंवा दुसऱ्या आईचं दूध मिळालं त्यांचं हृदय मोठेपणी, फॉर्म्युल्यावर, म्हणजे डब्याच्या दुधावर, वाढलेल्यांपेक्षा चांगल्या घडणीचं दिसलं असं ऑक्सफर्डच्याच लोकांनी २०१६ मध्ये मांडलं. आशियातली पहिली दुधाची बँक १९८९ मध्ये आपल्या शेजारी, सायन हॉस्पिटलमध्ये सुरू झाली. म्हणजे खाडीपलीकडे हे काम तीस वर्षांहून जास्त चालू आहे. आपल्या शहरातल्या प्रत्येक एनआयसीयूतल्या बाळापर्यंत असं दूध पोचावं ही वेगळी मागणी आहे, त्यासाठी वेगळं पत्र लिहीन.

आणि मुलींचं. लवकर जन्मलेल्या मुलीला पुढे स्वतःच्या गरोदरपणात बीपी वाढण्याचा धोका जास्त असतो. तेव्हा गरोदर बाईची नावनोंदणी करताना केंद्रातल्या सिस्टरने 'तू स्वतः किती आठवड्यांची झाली होतीस' हे विचारलं पाहिजे, आज ते कुठल्याच फॉर्मवर नाही. शिवाय जिचं बाळ लवकर झालं त्या आईलाही पुढे हृदयविकाराचा धोका वाढलेला असतो. सगळं घर पेटीतल्या बाळाकडे बघत असतं आणि त्या बाईचं बीपी बाळंतपणानंतर परत कुणी बघत नाही. शाळेत मुलाचं बीपी घेतलं त्या दिवशी आणायला आलेल्या आईलाही खुर्चीत बसवा, थोडाच वेळ जास्त लागेल.

खर्चाचं म्हणाल तर मशिन केंद्रांमध्ये आहेतच, कमी आहेत ते कफ. प्रत्येक पथकाला तीन मापांचे कफ, लहान मुलांचा, मोठ्या मुलांचा आणि जाड दंडाचा, आणि एक मोजपट्टी. वर्षातून एकदा मशिनचं कॅलिब्रेशन. पथकातल्या सिस्टरना अर्ध्या दिवसाचं ट्रेनिंग. मुलगा अठरा वर्षांचा झाला की बालरोगतज्ज्ञांनी एका पानावर त्याच्या जन्माची हकीकत आणि शेवटचे बीपी लिहून त्याच्या हातात द्यायचं, म्हणजे पुढचा फिजिशियन कुठलाही असला तरी त्याला ते दिसेल. आभा कार्डाला (सरकारी डिजिटल आरोग्य ओळखपत्राला) जोडता आलं तर आणखी चांगलं, पण त्यासाठी थांबून राहू नका, कागद चालतो.

ज्या शहराला स्वच्छ सर्वेक्षणात वर्षानुवर्षं वरचा नंबर मिळतो, घराघरातून ओला-सुका कचरा वेगळा घेता येतो, तिथे शाळेच्या कार्डावर एक रकाना वाढवणं अवघड नाही हे मला मनापासून वाटतं. म्हणून पत्र मंत्रालयाला न पाठवता तुम्हाला पाठवतेय.

शाळा जूनमध्ये उघडतात, कार्डं त्याआधी छपाईला जातात, म्हणजे निर्णय उन्हाळ्याच्या सुट्टीत झाला तरच यंदाच्या पहिलीच्या मुलांना उपयोग होईल, नाहीतर अजून एक वर्ष गेलं. पहिल्या वर्षी सगळ्या शाळा जमणार नसतील तर दिघा आणि तुर्भ्यापासून सुरू करा, कारण तिथल्या मुलांचं नंतर कुणी खासगी डॉक्टरकडे बीपी मोजून घेईल याची शक्यता सगळ्यात कमी आहे. ट्रेनिंगसाठी कुणी लागलं तर मी येते, मानधन नको, फक्त आदल्या आठवड्यात कळवा आणि ज्या सिस्टर प्रत्यक्ष शाळेत जाणार आहेत त्यांनाच बसवा. माझ्यासारख्या एनआयसीयूतून निवृत्त झालेल्या आणखी काही जणी वाशी, कोपरखैरणे, ऐरोलीत राहतात, त्यांच्याशी बोलून ठेवलंय, त्याही तयार आहेत.

आपली,
नेरूळची एक निवृत्त एनआयसीयू सिस्टर